रथ सोडावा की क्षोभ?

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बाराव्या अध्यायात, पंचकर्मानंतर रुग्ण पुन्हा प्रकृतिस्थ होईपर्यंत त्याने कटाक्षाने टाळावयाच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. उच्चभाष्य, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण, अहितभोजन, दिवास्वप्न आणि व्यवाय अशी ही यादी. पदवीच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनीच ती मुखोद्गत केलेली आहे. पुढे व्यवसायात पडल्यावर अजीर्ण, अहितभोजन आणि दिवास्वप्न यांच्याशी आपला रोजचा संबंध राहिला. रथक्षोभ हा शब्द मात्र, रथच उरले नाहीत या समजुतीने, आपण ग्रंथातच ठेवून दिला.

परंतु रथ गेलेले नाहीत. त्यांची चाके चारावरून दोनावर आली एवढेच. मद्रास येथे १९५५ मध्ये बुलेट ३५० ची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणारा एक छोटा वर्ग आपल्या देशात होताच. तथापि गेल्या काही वर्षांत त्याचे स्वरूप पालटले आहे. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन बाजारात आली. त्याच वर्षाअखेरीस आपल्याच चाकणच्या कारखान्यात तयार होणारी डॉमिनार आली. लांब पल्ल्यासाठीच घडविलेली वाहने मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली आणि कोकण किनारा, गोवा, स्पिती, लडाख येथवर स्वतःच्या मोटारसायकलने जाऊन येणे ही शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंता यांच्या वार्षिक रजेची सर्वसाधारण योजना झाली. आमच्या व्यवसायबंधूंपैकीही अनेकांच्या दारात आज अशी गाडी उभी आहे. आम्ही स्वतः त्यांतलेच एक आहोत, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ग्रंथातील लक्षणे, आजचा स्वार

रथक्षोभाने होणाऱ्या विकारांचे चरकाचार्यांनी केलेले वर्णन पुन्हा एकदा काढून पाहावे. संधी व पर्वे शिथिल होणे. हनू, नासा, कर्ण व शिर यांच्या ठिकाणी शूल. कुक्षीचा क्षोभ, आटोप, आध्मान. स्फिक्, पार्श्व, वंक्षण, वृषण, कटी आणि पृष्ठ यांच्या ठिकाणी वेदना. संधी, स्कंध व ग्रीवा यांचे दौर्बल्य. पायांवर शोथ, बधिरता आणि मुंग्या. आता सात दिवसांत अडीच हजार किलोमीटर गाडी हाकून परतलेला एखादा रुग्ण समोर बसवावा आणि त्याला मोकळेपणाने बोलू द्यावे. बसण्याच्या जागेची आग, कंबर, मान, खांदे, हाताच्या बोटांना मुंग्या, कानात घोंघावणारा आवाज, पोटात गुबारा, सायंकाळी सुजणारी पावले, हेच तो सांगेल. ग्रंथातील यादी आणि त्याची तक्रार यांत इतके साम्य आढळावे, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते; परंतु वेग, हादरा आणि एकाच स्थितीतील दीर्घ बैठक यांचा देहावरील परिणाम वाहन बदलल्याने बदलत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्य उरत नाही.

प्रश्न पुढचा आहे. असा रुग्ण आला म्हणजे आपण काय करतो? आमच्या निरीक्षणाप्रमाणे दोन प्रकार दिसतात. पहिला प्रकार म्हणजे 'कटिशूल' असे लिहून तेल, गुग्गुळ आणि पाच-सात कटिबस्ती. रुग्णाला बरे वाटते, तो पुन्हा गाडीवर बसतो, आणि महिन्याभराने पुन्हा येतो. दुसरा प्रकार म्हणजे 'गाडी सोडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही' असा सरळ निर्वाळा. येथे रुग्ण गाडी सोडत नाही; वैद्य सोडतो. पहिल्या प्रकारात निदानपरिवर्जन मुळीच नाही, आणि दुसऱ्यात ते केवळ नावापुरते आहे.

आमचे म्हणणे असे की, या ठिकाणी आचार्यांच्या शब्दयोजनेकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. बोलणे वर्ज्य सांगितलेले नाही, उच्चभाष्य वर्ज्य आहे. चालणे व बसणे वर्ज्य नाही, त्यांचा अतिरेक वर्ज्य आहे. त्याच न्यायाने रथ वर्ज्य नाही. रथाचा क्षोभ वर्ज्य आहे. चिकित्सा सांगतानाही स्नेहस्वेदादी वातहर उपक्रमांबरोबर निदानवर्जन सांगितले आहे. ते निदान म्हणजे वाहन नव्हे, तर वाहनाने देहाला दिलेला क्षोभ होय. हा भेद मान्य केला की वैद्याचे काम सुरू होते, कारण क्षोभ नेमका कोठून येतो हे शोधावे लागते, आणि तो शोध रुग्णाच्या नाडीपाशी संपत नाही. त्याच्या गाडीपर्यंत जावे लागते.

क्षोभाची स्थाने

एक उदाहरण देतो. पस्तिशीतील एक गृहस्थ तीन महिने कंबरदुखीसाठी आमच्याकडे येत होते. उपचारांनी आराम पडे, आठवड्यात दुखणे परत येई. मज्जातंतूंवर दाब असल्याचे कोणतेही चिन्ह तपासणीत नव्हते. एके दिवशी त्यांना चिकित्सालयाच्या अंगणात गाडी लावावयास सांगून आम्ही तिच्यावर बसून पाहिले. मागील शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजच्या भाषेत शॉकअप म्हणतात, शेवटच्या खाचेवर कसलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत पत्नी व सामानासह प्रवास केला तेव्हा तो कसला होता. परतल्यावर कोणी सैल केला नव्हता. एकट्याच्या वजनाला ती स्प्रिंग दबतच नव्हती आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ त्यांच्या कटिकशेरुकांपर्यंत पोहोचत होता. जोडीला टायरमध्ये हवाही प्रमाणाबाहेर होती. सी-स्पॅनरने स्प्रिंग दोन खाचा खाली आणली, हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवली, आणि तेच तेल व तोच बस्ती यांचा परिणाम टिकू लागला. औषध बदलावे लागले नाही.

अशा रुग्णाच्या गाडीत कोणकोणत्या जागा पाहाव्यात, हे थोडक्यात सांगणे उपयुक्त ठरेल.

पहिली जागा टायर. छोटे हादरे शॉकॲब्सॉर्बरच्या आधी टायरच शोषून घेतो, आणि हवा जास्त झाली की तो लाकडी चाकासारखा वागतो. पंपावरचा मुलगा अंदाजाने हवा भरतो. ती टायर थंड असताना, म्हणजे प्रवास सुरू करण्यापूर्वी, आणि एकटा-दुकटा जसा भार असेल त्याप्रमाणे पुस्तिकेतील आकड्याशी जुळवून घ्यावी. टायरचे वयही त्याच्यावरच लिहिलेले असते. कडेला चार अंकी खूण असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होते, आणि पावसात घाटातील वळणावर ते दगा देते.

दुसरी जागा चेन. ती सैल असेल तर ॲक्सिलरेटर सोडताना व देताना प्रत्येक वेळी गाडी हिसका देते, फार ताणलेली असेल तर मागील चाकाची हालचाल अडते. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी प्रवासात चेन एका रात्रीत गंजते. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यास त्याच संध्याकाळी, ती पुसून तिला वंगण देणे हा लांबच्या स्वाराचा नित्याचार असला पाहिजे. हँडलखालचा कोनसेट ढिला झाला असेल तर ब्रेक लावताना पुढून खटका जाणवतो आणि तो मनगटातून खांद्यात चढतो.

तिसरी जागा हात. क्लचची केबल कोरडी पडली की शहरातील रहदारीत आणि घाटात डाव्या हाताला शेकडो वेळा जोर द्यावा लागतो. लिव्हर वर उचललेला असेल तर मनगट सतत वाकलेले राहते. येथे रुग्णाला कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे विचारावे. अंगठा, तर्जनी व मध्यमा असतील तर मनगटाच्या वाकण्याकडे पाहावे. अनामिका व करंगळी असतील तर तो तळहाताच्या बाहेरील कडेवर भार टाकून बसतो, असे बहुधा आढळते. गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी धरावी आणि हँडलवर हात केवळ ठेवावेत, रेलू नये, एवढी एक सूचना अनेकांचा अंगुलिसुप्तीचा त्रास निम्मा करते.

चौथी जागा सामान. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन दिवसभर गाडी चालविणाऱ्याच्या मानेला कोणते तेल लावावे? सॅक उतरवून सामान दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तितके खाली व समतोल बांधावे, हेच त्याचे औषध होय.

आणि पाचवी जागा कान. ताशी शंभर किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. कारखान्यात आठ तासांसाठी पंचाऐंशी डेसिबलला सावधगिरी सांगितली जाते. कर्णनादाची तक्रार घेऊन येणाऱ्या स्वाराला कर्णपूरणाबरोबर फोमचे साधे इअरप्लगही सुचवावेत. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

येथे कोणी विचारील, वैद्याने मेकॅनिक व्हावे काय? मुळीच नाही. आहाराविषयी विचारणारा वैद्य आचारी होत नाही आणि शेतकऱ्याला वाकून काम करण्याची रीत सांगणारा वैद्य नांगर धरीत नाही. कोठे पाहावे एवढे त्याला कळले पाहिजे. दुरुस्ती जाणकाराकडूनच व्हावी. मांडीच्या आतील बाजूस व गुदप्रदेशी बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, मूत्रावरील ताबा सुटणे ही लक्षणे असतील, तर मात्र गाडी वा बस्ती यांचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

वेग दोन प्रकारचे

वाहन सुस्थितीत असले तरी स्वार त्याच्यावर किती वेळ बसतो हा स्वतंत्र विषय आहे. अत्यासन हे त्याच आठांपैकी एक आहे. दीड-दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालावे, आणि दुपदरी रस्त्यावर दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. गटाने जाणाऱ्यांत मात्र न थांबण्याची शर्यत असते. त्यासाठी पाणी कमी प्यायले जाते आणि मूत्रवेग दाबला जातो. स्त्री-स्वारांना तर स्वच्छतागृहाच्या अभावी तसे करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अधारणीय वेगांचे प्रकरण आपण रुग्णांना वारंवार सांगतो. प्रवासाची आखणी करतानाच थांबण्याच्या जागा ठरवा, हे त्याचेच व्यवहारातील भाषांतर आहे. दुपारचे भरपेट ढाब्यावरचे जेवण आणि त्यानंतर लगेच घाट, ही जोडीही तेवढीच घातक.

याच संदर्भात आपल्या घरातील एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे भाग आहे. वासंतिक वमनाच्या शिबिरांना अनेक रुग्ण स्वतःच्या दुचाकीवरून येतात आणि वमन झाल्यावर दुपारी तिच्यावरूनच घरी जातात. रथक्षोभाचा मूळ संदर्भ नेमका हाच, शोधनानंतरच्या रुग्णाचा आहे. संसर्जनक्रमाचा कागद हातात देणारे आपण त्याच्या हातातील किल्लीकडे पाहत नाही. शिबिराच्या पत्रकातच 'सोबत कोणीतरी आणावे, स्वतः वाहन चालवू नये' असे छापले गेले पाहिजे.

औषधी विक्रेत्यांसाठी

आमच्या औषधी विक्रेत्या मित्रांची जबाबदारी याहूनही अवघड आहे, कारण प्रवासाला निघालेला माणूस वैद्याकडे न जाता पुष्कळदा थेट दुकानात येतो. पावसात भिजून सर्दी झाली म्हणून लक्ष्मीविलास रस, दमा म्हणून कनकासव, जुलाब थांबावेत म्हणून जातीफलादी चूर्ण, अशी मागणी असते. कनकासवात धत्तूर आहे. लक्ष्मीविलासाच्या नारदीय पाठात धत्तूरबीज व भांगबीज आहे. जातीफलादी चूर्णात विजया आहे, आणि तीही थोडीथोडकी नाही. ही द्रव्ये औषधी कायद्याच्या ई-१ परिशिष्टात येतात आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असते, हे विक्रेत्यांस ठाऊक आहेच. परंतु वेष्टनावरील बारीक अक्षर ग्राहक वाचीत नाही. दृष्टी धूसर होणे, तोंड कोरडे पडणे, गुंगी येणे हे चारचाकीतील प्रवाशाला सोसेल. अंधारात एकटा घाट उतरणाऱ्या स्वाराला सोसणार नाही. अशा वेळी पर्यायी कल्प द्यावा किंवा मुक्कामी पोहोचल्यावरच घेण्यास बजावून सांगावे.

आसवारिष्टांविषयी ग्राहक नेहमी विचारतात म्हणून लिहितो. त्यांत साधारणपणे पाच ते दहा टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो. म्हणजे २० मिलिलिटरच्या मात्रेत एक ते दोन मिलिलिटर. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि योग्य मात्रेने एवढी पातळी प्रौढ माणसात गाठली जात नाही. परंतु औषध घेतल्याबरोबर तोंडात राहिलेल्या अंशाने श्वासतपासणीचे यंत्र फसू शकते. चूळ भरून अर्धा तास थांबावे, एवढा सल्ला पुरेसा आहे. बाटलीतून अंदाजाने घोट घेण्याची सवय असणाऱ्यास मात्र मात्रेचे माप हातात द्यावे.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा लडाखचा. दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या स्वारांपैकी काही जण निघण्यापूर्वी 'उंचीवर त्रास होऊ नये' असे औषध मागतात. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि लेहच्या वाटेवरील सरचूची उंची ४,२०० मीटरच्या पुढे. रोहतांगचा डोंगर टाळणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून हे अंतर अधिक लवकर कापले जाते, म्हणजेच देहाला सवय होण्यास मिळणारा वेळ घटला आहे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम आहे. त्या दृष्टीने श्रीनगर-कारगिलमार्गे हळूहळू चढत सुमारे ३,५०० मीटरवरील लेहला पोहोचणे अधिक सुरक्षित. मस्तकशूल, मळमळ, झोप न लागणे ही पहिली खूण. तोल जाणे, गोंधळणे, विश्रांतीतही दम लागणे ही धोक्याची. त्या वेळी प्राणवायूची व्यवस्था करून ताबडतोब खाली उतरणे हाच उपाय आहे. आपले कोणतेही रसायन, कोणतेही चूर्ण या चढाईचा वेग भरून काढू शकत नाही. ते भरून काढते असे दुकानात सांगणे म्हणजे त्या तरुणाला खोटा धीर देऊन पुढच्या चढावर पाठविणे होय. प्रतिबंधक गोळी हवी असेल तर त्याने संबंधित तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असे निःसंकोच सांगावे. त्याने आयुर्वेदाला कमीपणा येत नाही.

काय करता येईल

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, रुग्णपत्रकात व्यवसाय व आहार यांच्या खाली वाहन, रोजचे अंतर आणि गेल्या तीन महिन्यांतील लांबचा प्रवास अशा तीन ओळी वाढवाव्यात. दुसरी, संघटनेच्या शाखांनी पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या मासिक सभेत गावातील एका अनुभवी मेकॅनिकला बोलावून त्याच्याकडून टायर, चेन, ब्रेक व शॉकॲब्सॉर्बर समजून घ्यावेत. अध्यक्षीय भाषण थोडे आवरले तर तासभर सहज मिळेल. तिसरी, औषधी विक्रेत्यांनी ई-१ परिशिष्टातील कल्प देताना 'आज गाडी चालवणार आहात का?' हा एक प्रश्न नेमाने विचारावा.

ज्या वैद्यबंधू-भगिनींकडे अशा स्वारांच्या नोंदी आहेत, त्यांनी वाहनातील बदल, कालावधी आणि उपशय यांच्या तपशिलासह त्या संपादकांकडे पाठवाव्यात. दहा-वीस नोंदी जमल्या तरी आजवर केवळ अनुमानाने बोलल्या जाणाऱ्या या विषयाला काही आधार मिळेल, आणि आमची मते चुकीची ठरली तर तीही दुरुस्त होतील.